वडिलांच्या जागी उभा राहिलेला माणूस

नात्यांच्या शब्दांच्या बाबतीत आपली मराठी मोठी श्रीमंत आहे. आत्या निराळी आणि मावशी निराळी. चुलता निराळा आणि मामा निराळा. साडू, व्याही, जाऊ, नणंद अशा प्रत्येकासाठी तिने स्वतंत्र शब्द घडविला, आणि त्या शब्दाबरोबर त्या माणसाचा घरातील मानही ठरवून दिला. परंतु या भरल्या घरात एका माणसाची मात्र सोय भाषेने केलेली नाही. पतीच्या मृत्यूनंतर एखादी स्त्री पुन्हा संसार मांडते. तिचा दुसरा पती तिच्याबरोबर तिच्या लेकरांचाही स्वीकार करतो, त्यांना वाढवितो, शिकवितो, मार्गी लावतो. त्या माणसाला त्या लेकरांनी काय म्हणावे?

'सावत्र वडील' असे कोश सांगेल. पण हा शब्द उसना आहे. 'सावत्र' हा 'सवत' या शब्दाच्या कुळातला. एका पुरुषाच्या दोन बायका जेथे नांदत, त्या घरातून तो आला. पुरुष दुसरे लग्न करील, हे भाषेने गृहीत धरले होते. विधवा स्त्री करील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते. म्हणून सवतीच्या घरचा शब्द आणून या वडिलांना जोडण्यात आला, आणि त्यातील कडवटपणाही आयताच त्यांच्या वाट्याला आला. पुराणांत आणि कहाण्यांत पाहावे तर सावत्र आई पदोपदी भेटते. ध्रुवाला पित्याच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची कोणाला ठाऊक नाही? सावत्र वडिलांची कहाणी मात्र आपल्या आजीने आपल्याला कधी सांगितली नाही.

शब्द नव्हता म्हणून माणूस नव्हता, असे मात्र नाही. ज्या समाजांत विधवेने पाट लावण्याची चाल होती, तेथे पिढ्यान्‌पिढ्या असे पुरुष होऊन गेले. दुसऱ्याचे मूल खांद्यावर घेऊन ते जत्रेला गेले, त्याच्या आजारपणात रात्री जागले, त्याच्या लग्नात कर्ज काढले, आणि एके दिवशी गेले. त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. आज या सदरात अशा दोघांविषयी लिहावे, असे योजिले आहे. एक माझ्याच घरातील, जबलपूरचे; त्यांना मी 'नाना' म्हणत असे. दुसरे मुंबईचे, एकोणिसाव्या शतकातील. त्यांचे नाव डॉ. सखाराम अर्जुन.

प्रथम घरचे सांगते. नर्मदाकाठच्या या शहरात मराठी कुटुंबे कशी आली, याचे परप्रांतीय वाचकांना कदाचित नवल वाटेल. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे १८१७ पर्यंत होता. पुढे इंग्रजी अमदानीत कचेऱ्या व रेल्वे आली, १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, सुरू झाली. आणि १९५६ पर्यंत विदर्भ व जबलपूर एकाच प्रांतात असल्यामुळे नागपूर, वर्धा, भंडारा या भागांतील माणसे नोकरीसाठी सहज इकडे येत. माझे वडील असेच भंडाऱ्याकडून येऊन कारखान्यात लागले. १९६३ साली विषमज्वराने ते गेले, तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई प्राथमिक शाळेत शिकवीत असे. नाना त्याच कारखान्यात टर्नर होते आणि वडिलांच्या खात्यातच काम करीत. १९६५ साली आईचा व त्यांचा विवाह नोंदणी पद्धतीने झाला. चार माणसे साक्षीला होती, आणि नंतर सर्वांनी चहा घेतला. यापलीकडे त्या विवाहाचा काही सोहळा झाला नाही.

नानांना कारखान्यात व वस्तीत सगळे 'नाना'च म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्यामुळे 'बाबा' म्हणायचे की 'काका', हा प्रश्न आमच्या घरात उद्भवलाच नाही. अडचण झाली ती शेजाऱ्यांची. हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील. आमच्या आळीतील मुलांची अनेक वर्षे अशीच समजूत होती की मी माझ्या आजोबांजवळ राहते, आणि हे आजोबा इतके तरुण कसे, याचे त्यांना कोडे पडे. पुढे माझा धाकटा भाऊ झाला. तो तर त्यांचा पोटचा मुलगा. पण ताई म्हणते म्हणून तोही त्यांना 'नाना'च म्हणू लागला. दोघांच्या तोंडी एकच हाक राहिली. सावत्र बहीण, सावत्र भाऊ हे शब्द आमच्या घराचा उंबरा कधी ओलांडू शकले नाहीत, याचे बरेचसे श्रेय या एका हाकेला आहे.

दुसऱ्या शाळेत माझे नाव घालावयाचे होते, तेव्हाची गोष्ट मला स्वच्छ आठवते. कारकुनाने वडिलांचे नाव विचारले. नानांनी माझ्या दिवंगत वडिलांचे संपूर्ण नाव सांगितले. कारकुनाने मान वर करून पाहिले आणि विचारले, "और आप कौन?" नाना म्हणाले, "पालक. दस्तख़त मैं करूँगा." त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर वरती एका माणसाचे नाव आणि खालती दुसऱ्या माणसाची सही असे. परत येताना सायकलच्या पुढच्या दांडीवर मी बसले होते. मी काही विचारले नव्हते, तरी ते म्हणाले, "तुझे बाबा गेले. त्यांचे नाव घालवायचे आपल्याला काय कारण?"

बाबांची तसबीर आमच्या बैठकीत समोरच असे. त्यांच्या तिथीला नाना अर्ध्या दिवसाची रजा काढीत, स्वतः बाजारातून हार आणीत आणि स्वतः घालीत. माझ्या चुलत्यांनी आईच्या विवाहानंतर पत्र धाडले होते की मुलगी आमची आहे, ती आमच्याकडे पाठवावी. कायदा आईच्या बाजूने होता. तरीही नानांनी त्या पत्राला कायद्याचे उत्तर दिले नाही. त्यांनी लिहिले, "मुलगी तुमची आहेच. दर सुट्टीत येईल. घर मात्र तिच्या आईजवळ राहू द्यावे." आणि शब्द दिल्याप्रमाणे दर मे महिन्यात तेव्हाच्या छोट्या रेल्वेने, नैनपूर व गोंदियामार्गे, ते मला माझ्या आजीकडे पोहोचवीत. बरोबर जबलपूरच्या खोव्याच्या जिलब्यांचा पुडा असे. पहिल्या वर्षी आजी त्यांच्याशी बोलली नाही. ते ओसरीवरूनच परतले. दुसऱ्या वर्षी तिने पाण्याचा तांब्या बाहेर पाठविला. चौथ्या वर्षी तिने आतून हाक मारून सांगितले, "पान वाढले आहे, जेवून जावे." नाना त्या जेवणाविषयी पुढे कधी बोलले नाहीत. मात्र त्यानंतर आजी जिवंत होती तोवर तिच्या औषधाचे पैसे दरमहा मनीऑर्डरीने जात, हे मला मोठेपणी पावत्यांवरून कळले.

त्यांचे काम लेथवरचे. इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब त्यात ठेवावा लागतो, आणि जास्त कापला गेलेला धातू परत जोडता येत नाही. माणसांच्या बाबतीतही त्यांचा हात असाच सावकाश चाले. त्यांनी मला कधी जवळ ओढले नाही. मी येईन तेव्हा जागा रिकामी असेल, एवढेच त्यांनी पाहिले.

वयाच्या ८७ व्या वर्षी, २०२२ साली, नाना गेले. ग्वारीघाटावर अस्थिविसर्जनाच्या वेळी तेथील पुरोहिताने मला विचारले, आपले यांच्याशी नाते काय? मी उत्तर देण्यापूर्वीच भाऊ म्हणाला, "ही मोठी. आधी हिच्या हाती द्या." पुढच्या पितृपक्षात भावाने महालय केला, तेव्हा मी गुरुजींजवळ बसून पितरांची ती लांब यादी लक्षपूर्वक ऐकली. तीत आईवडील, आजेपणजे, आईच्या माहेरची माणसे, चुलते, मामा, आत्या, मावशा, सासरे, गुरू, शिष्य सारे आहेत. त्या यादीत सापत्नमाता आहे. सापत्नपिता मात्र नाही. माझ्या भावाकरिता नाना पिता म्हणून पहिल्याच ओळीत होते; माझ्याकरिता त्यांना कोठे बसवावे, हे त्या यादीला ठाऊक नव्हते. गुरुजी समंजस होते. ते म्हणाले, "शेवटी 'आप्त' असा शब्द आहे. त्यात घ्या." विचार केल्यावर मला तो शब्द पटला. आप्त म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवता येतो तो. रक्ताची अट त्या शब्दात नाही.

वाचकहो, हे सारे एका सामान्य घरातील झाले. परंतु अशाच एका पित्याने व कन्येने महाराष्ट्राच्या, किंबहुना भारताच्या, सामाजिक इतिहासाला वळण लावले आहे. रखमाबाईंच्या खटल्याविषयी आपणांपैकी पुष्कळांनी वाचले असेल. पण त्या कथेत त्यांच्या सावत्र वडिलांचा वाटा केवढा होता, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या अडीच वर्षांच्या असताना वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई त्या वेळी जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मोकळीक होती. सहा वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी विवाह केला; तेही विधुर होते. पुनर्विवाहाच्या वेळी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. यामागे काळाची पार्श्वभूमी होती. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली खरी. परंतु पुनर्विवाह करताच स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क त्या कायद्याने संपत असे, आणि मुलांचा ताबा आपल्याकडे घेण्यासाठी पहिल्या पतीचे नातलग न्यायालयात जाऊ शकत. नवा संसार मांडणाऱ्या आईला जुन्या संसारातील काय काय गमवावे लागेल, हे त्या काळी कायद्यातच लिहिलेले होते.

सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते अध्यापन करीत. वनस्पतिशास्त्राचा त्यांचा व्यासंग मोठा होता. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी तयार केली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईच्या आठ रहिवाशांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत दोनच भारतीय होते. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे हे सखाराम अर्जुन. अशा माणसाच्या घरात रखमाबाई वाढल्या. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरीच शिकल्या.

या पित्याला देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. त्या काळच्या रीतीला तेही सर्वस्वी मोडू शकले नाहीत. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न झाले, आणि तेही सखारामांच्याच नात्यातील दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी. दादाजींनी घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि चांगले व्हावे, अशी त्यात योजना होती. ती फसली, दादाजींचे मन शिक्षणात रमले नाही. परंतु सखाराम अर्जुनांची खरी कसोटी लग्नानंतर काही महिन्यांतच लागली. मुलगी वयात आली, आणि रूढीप्रमाणे गर्भाधानाचा दिवस जवळ आला. डॉक्टरांनी त्यास साफ नकार दिला. त्या वेळी कायद्याने संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांची होती. ती बारा होण्यास १८९१ साल उजाडावे लागले. म्हणजे कायदा ज्याला मोकळीक देत होता, रूढी ज्याचा आग्रह धरीत होती, आणि स्वतःचेच नातलग ज्याची वाट पाहत होते, त्याला या माणसाने आपल्या घरात मज्जाव केला. तो कोणासाठी? पत्नीच्या पहिल्या पतीच्या मुलीसाठी.

दादाजी रागावून मामाकडे राहू लागले. पुढे मार्च १८८४ मध्ये त्यांच्या वकिलांची नोटीस आली, ती सखाराम अर्जुनांच्या नावे. आपल्या पत्नीला यांनी अडवून ठेवले आहे, असे तिच्यात म्हणणे होते. मुलीच्या मिळकतीच्या लोभाने तिला नांदायला पाठविले जात नाही, असाही आरोप झाला. सावत्र बाप म्हटला की जगाच्या मनात प्रथम हीच शंका येते, हे आपण आजही पाहतो. सखारामांनी सौम्य शब्दांत उत्तर दिले: आपण तिला अडविलेले नाही. या उत्तरात सारे सामावले आहे. जाणे न जाणे हा तिचा स्वतःचा निर्णय आहे, हे मान्य करणारा पिता १८८४ साली मुंबईत होता. खटला उभा राहिला तो 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' असा. मुलगी स्वतः प्रतिवादी झाली.

आणि मग, खटला अजून उभा असतानाच, १६ एप्रिल १८८५ रोजी सखाराम अर्जुन वारले. रखमाबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. ज्याच्या आधारावर आजवर उभे राहिलो तो गेल्यावर कोणी माघार घेतली असती, तर त्याला दोष देता आला नसता. रखमाबाईंनी काय केले पाहा. जून महिन्यात 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या नावाने बालविवाहाविरुद्ध एक पत्र प्रसिद्ध झाले. सप्टेंबरात सक्तीच्या वैधव्याविरुद्ध दुसरे आले. ही पत्रे त्यांची होती. त्याच सप्टेंबरात न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो ऐकायला सखाराम अर्जुन नव्हते. पुढल्या वर्षी अपिलात तो निकाल फिरला. आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा आदेश दिला. आपण तुरुंग पत्करू, असे रखमाबाईंनी सांगितले. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली.

१८८९ साली, कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या पाठिंब्याने, रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. परत येऊन सुरत व राजकोट येथे मिळून सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी स्त्रियांची व मुलांची शुश्रूषा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. ज्या घरात त्या वाढल्या, त्या घरच्या पित्याचाच व्यवसाय त्यांनी पत्करला होता. आणि एक लहानशी गोष्ट. मराठी ग्रंथांत त्यांचे नाव दोन प्रकारांनी आढळते. कोठे 'रखमाबाई जनार्दन सावे' असे जन्मदात्याच्या नावाने, तर कोठे 'डॉ. रखमाबाई राऊत' असे सखाराम अर्जुनांच्या आडनावाने. यातील एक खरे आणि दुसरे खोटे, असे कोणी ठरवू नये. एकाने जन्म दिला; दुसऱ्याने त्या जन्मावर तिचा स्वतःचा हक्क आहे हे मानले. दोघांची नावे एका मुलीला पेलता आली.

आता आपल्या काळाकडे वळू. १८५६ चा तो कायदा १९८३ साली रद्द झाला, कारण नव्या कायद्यांपुढे त्याचे प्रयोजन उरले नव्हते. तरीही सावत्र पित्याचे स्थान अद्याप अर्धवटच आहे, आणि अशी कुटुंबे आता पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागली असल्याने चार गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात वडील हे नैसर्गिक पालक मानले आहेत. पण 'वडील' या शब्दात सावत्र वडिलांचा समावेश होत नाही, असे तेथे स्पष्टच म्हटले आहे. त्याच वर्षीच्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, सावत्र पित्याने मृत्युपत्र केले नसेल तर त्याची मिळकत त्याच्या पत्नीला, त्याच्या आईला आणि त्याच्या मुलांना जाते. सावत्र मूल त्या मुलांत मोडत नाही. उलट २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात 'माता-पिता' या शब्दात सावत्र आईवडिलांचाही समावेश केलेला आहे. म्हणजे म्हातारपणी सांभाळ करताना नाते धरले जाते, आणि वारसा देताना धरले जात नाही. हा विरोध मिटविण्याचा साधा उपाय मृत्युपत्र हा आहे. ते दोन साक्षीदारांच्या सह्यांनी करता येते. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. नानांनी ते करून ठेवले होते. घराचे दोन सारखे भाग, एक मुलाला, एक मुलीला. 'सावत्र' हा शब्द त्या कागदावर नव्हता. ज्यांना पूर्ण कायदेशीर नाते जोडावयाचे असेल त्यांना दत्तकविधानाचा मार्गही मोकळा आहे, आणि सावत्र पालकांसाठी त्याची कार्यपद्धती आता नियमांत आखून दिलेली आहे.

नावाविषयीही एक महत्त्वाचा निर्णय झाला आहे. आंध्र प्रदेशातील एका विधवा मातेने पुनर्विवाहानंतर मुलाला नव्या कुटुंबाचे आडनाव दिले. ते बदलावे, आणि कागदोपत्री तिच्या पतीची नोंद 'सावत्र पिता' अशी व्हावी, असा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता. २८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मुलाचे आडनाव ठरविण्याचा अधिकार आईला आहे. आणि प्रत्येक कागदावर 'सावत्र' हा शब्द मिरवायला लावणे हे जवळजवळ क्रौर्य असून त्याचा मुलाच्या मनावर काय परिणाम होईल याचा त्यात विचार नाही, अशा आशयाचे मत न्यायालयाने नोंदविले. कोणी आडनाव बदलील, कोणी बदलणार नाही. आमच्या घरी ते बदलले नाही आणि काही अडले नाही. निवड त्या घराची असावी, एवढेच त्या निर्णयाचे सार आहे.

परंतु कायद्याने न येणाऱ्या काही गोष्टी आहेत, आणि त्या आपल्या हाती आहेत. ज्या घरात असे नवे वडील आले असतील, तेथे मुलाच्या पहिल्या वडिलांची तसबीर उतरवू नये. ती राहिल्याने नव्या माणसाची जागा कमी होत नाही; ती उतरविल्याने मात्र मुलाच्या मनात एक कोपरा कायमचा बंद होतो. मुलाने कोणत्या शब्दाने हाक मारावी, याची घाई करू नये. हाक मुलालाच शोधू द्यावी. आजी-आजोबांकडे जाणे-येणे तोडू नये, आरंभी ओसरीवरून परतावे लागले तरीही. आणि शेजारीपाजारी, शाळेत, लग्नकार्यात "खरे वडील कोण?" हा प्रश्न मुलासमोर कोणी विचारू नये. विचारणाऱ्याला ती एका घटकेची जिज्ञासा असते. मुलाला ते उत्तर आयुष्यभर देत राहावे लागते.

ज्यांचे असे वडील हयात आहेत, त्यांना एक विनंती. आपल्या समाजात अशा माणसाच्या उपकारांना उत्सव नाही, तिथी नाही, आणि पितरांच्या यादीत नेमकी ओळही नाही. त्यामुळे त्याची आठवण आपोआप जपली जाईल, असे समजू नये. ती जपावी लागते. त्याचे गाव कोणते, त्याचे बालपण कसे गेले, दुसऱ्याच्या लेकरासाठी त्याने कोणाकोणाचे बोल सोसले, हे त्याला आजच विचारावे आणि चार ओळी लिहून ठेवाव्यात. आपली मुले उद्या आजोबांविषयी विचारतील, तेव्हा त्यांना दोन आजोबांच्या गोष्टी सांगता याव्यात. आणि अशा एखाद्या माणसाविषयी आपणांस लिहावेसे वाटले, तर या सदराकडे अवश्य लिहावे. नाव कळविले नाही तरी चालेल. आपण त्यांना कोणती हाक मारीत होता, तेवढे मात्र कळवावे.